उजेड जमा, काळोख नावे

‘तुम्ही एचडीआर करता का हो?’

आमच्या शाखेत नव्यानेच बदलून आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने २०१२ साली मला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी स्क्रीनवरची मान न हलवता सवयीने ‘किती महिन्यांचा?’ असं उलट विचारलं. बँकेत आठ-नऊ वर्षं काढलेल्या माणसाच्या कानाला एचडीआर आणि एफडीआर यांतला फरक कळत नाही. मुदत ठेवीची पावती म्हटली की ती किती महिन्यांची, नॉमिनी कोण आणि व्याज तिमाही की मुदतीअखेर, यापलीकडे आमची बुद्धी जात नाही. तो बिचारा गोंधळला. मग त्याने खुलासा केला की मी फेस्टिव्हल ॲडव्हान्स काढून कॅमेरा घेतल्याचं त्याला कॅशियरकडून समजलं होतं, आणि एचडीआर म्हणजे हाय डायनॅमिक रेंज, हा फोटोग्राफीतला एक प्रकार आहे.

‘एकाच जागेचे तीन फोटो काढायचे,’ तो म्हणाला. ‘एक बेताचा, एक काळवंडलेला आणि एक पार पांढराफटक. मग कॉम्प्युटरवर तिघांचा मिळून एक करायचा.’

‘म्हणजे तीन वाईट फोटोंचा एक चांगला?’

‘तसंच काहीतरी.’

पुढे बँकांच्या बाबतीतही हाच प्रयोग झाला, पण त्याविषयी बोलायची मला परवानगी नाही. फोटोंच्या बाबतीत मात्र त्या दिवशी माझे कान टवकारले, कारण मला एका माजघराचा फोटो काढायचा होता आणि तो काही केल्या निघत नव्हता.

हे माजघर आमच्या काकूचं. गुहागरकडे आमचं कौलारू घर आहे. ओटी, माजघर, स्वैपाकघर आणि मागीलदार अशी सगळी एका रांगेत. माजघरात भर दुपारीही संध्याकाळ असते. छपरात एकच काचेचं कौल, त्यातून आलेला कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकत असतो आणि तोच घरातलं घड्याळ. मागचं दार उघडं असलं की बाहेर फणस, विहीर, दोरीवरची धुणी आणि डोळे दिपवणारं ऊन. दाराशी पाटावर बसून काकू सुपात तांदूळ निवडते. मी लहानपणापासून हे पाहत आलो. मला काकू दिसते, तिच्या सुपातला खडा दिसतो आणि बाहेरच्या फणसाचं पानही दिसतं. पण माझ्या छत्तीस हजारांच्या कॅमेऱ्याला (अधिक बॅग, ती फुकट म्हणून दिली होती आणि बिलात लावली होती) यांतलं एका वेळी एकच दिसत असे. काकू नीट आली तर दाराच्या जागी पांढरा कागद डकवल्यासारखा दिसायचा, फणस नीट आला तर काकूच्या जागी कोळशाचं पोतं.

याचं गणित मला मागाहून कळलं, आणि कळलं तेव्हा बी. कॉम. झाल्याचं सार्थक वाटलं. फोटोग्राफीत उजेड ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला की उजेड दुप्पट. म्हणजे आपलं दामदुप्पटच. काकूसाठी माझ्या कॅमेऱ्याला दोन सेकंद डोळा उघडा ठेवावा लागे आणि फणसासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग पुरे होई. फरक हजार पटीचा. एकाचे दोन, दोनाचे चार असं करत गेलात तर दहाव्या दामदुपटीला हजाराच्या वर चोवीस होतात, म्हणजे काकू आणि फणस यांच्यात हाताच्या अंतरावर दहा स्टॉपची तफावत. बरं, एवढा उजेड कॅमेऱ्याने गोळा केला तरी तो छापायचा कागदावर. आणि चांगल्यात चांगल्या चकचकीत कागदाचा पांढरा हा त्याच्या काळ्यापेक्षा शंभर-दोनशे पटच उजळ असतो. हजाराचा खर्च शंभरात बसवायचा! हे काम तंत्रज्ञांना अवघड का वाटावं ते मला कळेना. आमच्या घरी सौ. दर महिन्याला तेच करते.

माझी समजूत अशी होती की हे सगळं कॉम्प्युटरवाल्या पोरांनी काढलेलं खूळ असणार. छंद लागला की मी आधी त्याच्यावरची पुस्तकं वाचतो, कारण त्याला पेट्रोल लागत नाही. वाचता वाचता लक्षात आलं की हा उद्योग दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचा मूळपुरुष एक कर्जबाजारी फ्रेंच गृहस्थ होता. कर्जबाजारी म्हटल्यावर माझा रस वाढला.

ग्युस्ताव्ह ल ग्रे हे त्याचं नाव. जन्म १८२०. शिकला चित्रकला, वळला फोटोग्राफीकडे. त्या काळी काचेला कोलोडियन नावाचं चिकट रसायन फासून, ती ओली असतानाच फोटो काढावा लागे. ही काच निळ्या रंगाला भयंकर हळवी. जरा निळं दिसलं की भारावून जायची. त्यामुळे समुद्र नीट येईपर्यंत आकाश पार जळून पांढरं होई. जुन्या फोटोंत आकाशं सगळी कोरी का, याचं हे कारण. आपल्याकडेही मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, डॉ. भाऊ दाजी लाडांसारखी मंडळी तिच्यात होती. त्या काळातली आपली लेणी-देवळं पाहिलीत तर त्यांच्यावरही असंच कोरं आकाश. मला लहानपणी वाटे की इंग्रजांच्या राज्यात ढगच नसावेत.

ल ग्रेने काय केलं, तर १८५७ च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेत या गावी समुद्राची एक निगेटिव्ह काढली आणि ढगांची दुसरी. दोन्ही क्षितिजाच्या रेघेवर जोडल्या आणि एका कागदावर छापल्या. खाली उसळती लाट, वर भरून आलेलं आभाळ. लोक थक्क झाले. असं कुणी पाहिलंच नव्हतं. म्हणजे डोळ्यांनी रोज पाहत होते, फोटोत पाहिलं नव्हतं. ढगांची चांगली निगेटिव्ह हाती लागली की हा गृहस्थ तीच दुसऱ्या समुद्रावरही वापरी. ढग डेप्युटेशनवर पाठवल्यासारखे. बँकेत आम्ही याला एकच व्हाउचर दोनदा पास करणं म्हणतो आणि त्यासाठी मेमो मिळतो.

ही कल्पना ल ग्रेच्या आधी हिपोलित बायार नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच माणसाने सुचवली होती, आणि हा बायार आम्हा कारकुनांच्या फारच जवळचा आहे. फोटो काढायची स्वतःची पद्धत त्याने शोधली होती, पण १८३९ साली सरकारने मान आणि पेन्शन दिलं ते दागेर या दुसऱ्यालाच. बढती हुकली! आपण असल्या वेळी युनियनकडे जातो. बायारने १८४० साली स्वतःचाच उघडाबंब फोटो काढला, डोळे मिटून, भिंतीला टेकून, आणि त्याच्यामागे मजकूर लिहिला की सरकारी उपेक्षेमुळे पाण्यात जीव दिलेल्या बायारचं हे प्रेत आहे. त्यानंतर तो आणखी सत्तेचाळीस वर्षं जगला. दोन निगेटिव्ह जोडून एक आकाश करावं ही कल्पना अशा माणसाला सुचली, यात मला काही नवल वाटत नाही.

ल ग्रेचं मात्र पुढे वाईट झालं. पॅरिसमधल्या मोठ्या रस्त्यावर त्याने दुसऱ्यांच्या भांडवलावर थाटाचा स्टुडिओ मांडला. कला पहिल्या नंबरची, हिशेब शून्य. १८६० साली धंदा बुडाला. तेव्हा हा गृहस्थ बायको-मुलं आणि सावकार यांना पॅरिसमध्ये ठेवून, कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमाबरोबर जहाजाने निघून गेला. वाटेत सिसिलीला गॅरिबाल्डीचा फोटो काढला. पुढे द्यूमाशी बिनसलं आणि माल्टाच्या बंदरात त्याला उतरवून जहाज निघून गेलं. तिथून फिरत फिरत तो कैरोला पोचला, तिथे चित्रकलेचे धडे देत राहिला आणि १८८४ साली तिथेच वारला. फ्रान्सला परतला नाही. कसा परतेल? थकबाकीदाराला पत्ता विसरायची सवयच असते. १९९९ साली लंडनच्या लिलावात त्याच्या त्या लाटेच्या एका प्रतीला पाच लाख पौंडांहून जास्त किंमत आली. फोटोला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत. एकशेएकोणचाळीस वर्षांनी का होईना, खातं जमेत आलं. खातेदार हजर नव्हता.

हे वाचून माझ्या डोक्यात एक किडा शिरला. दोन वेगवेगळ्या वेळी काढलेले फोटो जोडून एकच क्षण म्हणून दाखवायचा, ही कला की अफरातफर? सबंध आयुष्य चेकवरच्या सह्या जुळवण्यात घालवलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. लाट होती ती खरी. ढग होते तेही खरे. पण ती लाट त्या ढगांखाली होती का? व्हाउचरवर तारीख एकच हवी.

या प्रश्नावर मला अमेरिकेतला ॲन्सेल ॲडम्स अधिक पटला. हा मूळचा पियानो वाजवणारा, आणि डोंगरदऱ्यांचे फोटो काढण्यात त्याची हयात गेली. दोन निगेटिव्हचा व्यवहार नाही. एकाच निगेटिव्हमध्ये काळोखापासून उजेडापर्यंत सगळं बसवायचं. त्यासाठी त्याने १९४० च्या आसपास फ्रेड आर्चरबरोबर ‘झोन सिस्टिम’ बसवली. शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत अकरा घरं पाडायची आणि शटर दाबण्याआधी मनात ठरवायचं की बर्फ कुठल्या घरात, दगडाची सावली कुठल्या घरात. हे म्हणजे पगार होण्याआधी पाकिटं करून ठेवण्यासारखं. दूधवाला, वाणी, शाळेची फी. उरलं तर सिनेमा.

त्याची ‘मूनराइज’ या नावाने प्रसिद्ध असलेली तसबीर आहे, न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ या खेड्याची. संध्याकाळी मोटारीने जाताना त्याला दिसलं की डोंगरावर चंद्र उगवलाय, खाली कब्रस्तानातल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन पडलंय. मोटार थांबवून अवजड कॅमेरा उभा केला आणि उजेड मोजायचं मीटरच सापडेना! आमच्या शाखेत स्ट्राँगरूमची किल्ली सापडत नाही तेव्हा जी धावपळ होते ती डोळ्यांपुढे आणावी. पण या माणसाला चंद्राचा दर पाठ होता. दर चौरस फुटाला २५० कँडल. आम्हाला ज्येष्ठ नागरिकांचा व्याजदर पाठ असतो तसा. त्यावरून मनात हिशेब करून त्याने एक सेकंदाचा फोटो घेतला, दुसरा घेण्यासाठी फिल्म उलटी करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं.

एवढ्या हिशेबी माणसाने एक गोष्ट केली नाही. तारीख लिहिली नाही! पुढे तो कधी एक साल सांगे, कधी दुसरं. शेवटी चंद्र आकाशात कुठे आहे त्यावरून खगोलवाल्यांनी आकडेमोड केली. १९८० च्या सुमारास एकाने ३१ ऑक्टोबर १९४१ ही तारीख काढली, ती १९९१ मध्ये दुसऱ्याने खोडून १ नोव्हेंबर १९४१, संध्याकाळचे चार वाजून एकोणपन्नास मिनिटं अशी दुरुस्त केली. एका दिवसाचा फरक सापडेपर्यंत पन्नास वर्षं गेली. आम्ही एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत रात्री दहापर्यंत बसतो.

पण गंमत पुढेच आहे. या एका निगेटिव्हच्या त्याने आयुष्यभरात तेराशेच्या आसपास प्रती काढल्या. अंधाऱ्या खोलीत बसून कुठे हाताने उजेड अडवायचा, कुठे जास्त पाडायचा. सुरुवातीच्या प्रतींत आकाशात ढग दिसतात. नंतरनंतरच्या प्रतींत तेच आकाश काळं कुळकुळीत. म्हणजे निगेटिव्ह एक, तारीख एक, आणि आकाशं अनेक. माझा प्रामाणिकपणाचा एकमेव आधार असा डगमगला.

मधली वर्षं भरभर सांगतो. १९५०-६० च्या काळात चार्ल्स वायकॉफ नावाच्या अमेरिकनाने अणुस्फोटाचे फोटो काढण्यासाठी एकीवर एक तीन थरांची फिल्म बनवली. एक थर हळवा, एक मध्यम आणि एक अगदी निबर, आणि प्रत्येक थर धुतल्यावर वेगळ्या रंगात उमटायचा. सूर्यासारखा गोळाही दिसावा आणि भोवतीची जमीनही. माणसाला बाँबचा चांगला फोटो हवा झाला, म्हणून हे शास्त्र पुढे गेलं. काकूच्या माजघरासाठी कुणी एक पैसा खर्च केला नसता.

मग कॉम्प्युटर आले. १९९० नंतर अमेरिकेत स्टीव्ह मान वगैरे मंडळींनी एकाच दृश्याचे कमीजास्त उजेडाचे फोटो गणिताने जोडायला सुरुवात केली, आणि १९९७ साली बर्कलीच्या पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी ते शास्त्र पक्कं केलं. मलिक मूळचे मथुरेचे, कानपूरच्या आयआयटीतले. त्यांनी एका चर्चच्या आतून सोळा फोटो घेतले. पहिल्याला तीस सेकंद, शेवटच्याला सेकंदाचा हजारावा भाग. पंधरा वेळा दामदुप्पट! आत काळोखे कोपरे आणि मध्ये रंगीत काचांतून येणारं ऊन, म्हणजे आमचं माजघरच, फक्त धर्म वेगळा. यांची युक्ती मला फार आवडली. कॅमेरा उजेडाची नोंद प्रामाणिकपणे करत नाही. फार उजेड झाला की कमी लिहितो, फार कमी झाला की लिहितच नाही. पण तोच ठिपका सोळा वेळा निरनिराळ्या उजेडात विचारला, तर कॅमेरा कुठे आणि किती खोटं बोलतो ते त्याच्याच उत्तरांवरून काढता येतं. ते एकदा कळलं की खरी रक्कम आपोआप समजते. आमचे इन्स्पेक्शनवाले नेमकं हेच करतात. एकच प्रश्न सोळा वेळा विचारतात.

खरी रक्कम मिळाली तरी ती कागदाच्या शंभर पटीत बसवायचा प्रश्न राहिलाच होता. त्यासाठी २००२ साली राइनहार्ड आणि मंडळींनी जी पद्धत काढली तिचा पाया ॲडम्सची झोन सिस्टिमच होता. म्हातारा १९८४ मध्ये गेला होता, पाकिटं शिल्लक होती.

त्यानंतर मात्र जगाला वेड लागलं. २००३ साली फोटोमॅटिक्स हे सॉफ्टवेअर आलं, २००५ साली फोटोशॉपमध्ये ही सोय आली, आणि ज्याच्याकडे तिवई होती त्याने एचडीआर सुरू केलं. मीही त्यातलाच. पहिला प्रयोग आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, सूर्यास्ताचा. बटणं मी सगळी उजवीकडे टोकाला नेली. डिस्काउंट असलं की आपण सगळंच घेतो तसं. फोटोत आकाश जांभळं आलं, पाण्याच्या टाक्यांभोवती संतांच्या असते तशी तेजोवलयं आली आणि शेजाऱ्यांच्या अँटेनाला सोन्याची झळाळी. सेक्रेटरींनी तो पाहून विचारलं, ‘आग लागली होती का?’

दुसरा प्रयोग महागात पडला. आमचे साहेब निवृत्त होत होते, तेव्हा त्यांच्या केबिनमधला, मागे खिडकी असलेला फोटो मी या पद्धतीने काढला. खिडकी उत्तम आली. खिडकीबाहेरचा चहावालाही आला. पण एचडीआरची खोड अशी की ते प्रत्येक खाच उकरून दाखवतं. साहेबांच्या चेहऱ्यावरची छत्तीस वर्षांची सर्व्हिस एकूण एक सुरकुतीसह उमटली. थकीत कर्जांपैकी कुठली सुरकुती कुठल्या कर्जाची हेही सांगता आलं असतं. साहेबांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि ‘मी खरंच असा दिसतो?’ असं हळूच विचारलं. मी ‘नाही नाही, तांत्रिक दोष आहे’ म्हणालो. तांत्रिक दोष नव्हता. त्यानंतर मी माणसांवर प्रयोग करायचं सोडलं आणि देवळांकडे वळलो.

अशी पाच-सहा वर्षं गेली. २०१८ च्या मे महिन्यात गावाहून दादाचा, म्हणजे काकूच्या मुलाचा फोन आला. कौलं दरवर्षी गळतात, वानरं फोडतात, शाकारणीला माणूस मिळत नाही, तेव्हा गणपती झाले की घर उतरवून स्लॅबचं बांधायचं ठरलंय. मी विचारलं, ‘माजघर?’ तो म्हणाला, ‘तिथे हॉल येईल.’ त्याचं चुकत होतं असं नाही. पावसाळ्यात पातेली लावत मी राहत नव्हतो, तो राहत होता. मी चार दिवसांची रजा टाकली आणि कॅमेरा घेऊन एसटीत बसलो.

काकू तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. सकाळी दहाच्या सुमारास तिला पाटावर बसवलं, तिवई उभी केली, मागचं दार उघडलं.

‘काकू, आता अजिबात हलू नकोस. सात फोटो घेतो.’

‘श्वास घेऊ का?’

‘घे, पण हळू.’

‘अरे, नुसतं बसून कशी राहू? मी काय नवरी आहे?’ असं म्हणून तिने सूप ओढलं आणि तांदूळ पाखडायला घेतले.

संध्याकाळी मी सातही फोटो जोडले. दार उत्तम, फणस उत्तम. मध्यभागी चार हातांची, दोन सुपांची काकू, आणि तिच्यातून आरपार दिसणारा मागचा माठ. दादा म्हणाला, ‘अष्टभुजा झाली असती, थोडक्यात हुकलं.’ या प्रकाराला तंत्रज्ञ लोक भूतच म्हणतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये भुतं काढायचं एक बटण असतं. ते मी दाबलं. त्याने विचार केला आणि काकूला साफ पुसून टाकलं. माजघर राहिलं, पाट राहिला, माठ स्पष्ट दिसू लागला. काकू नव्हती. मी घाईघाईने ते रद्द केलं आणि उगाचच उठून स्वैपाकघरात डोकावून आलो. ती भाकऱ्या थापत होती.

एवढ्यात दादाच्या मुलाने खिशातला मोबाइल काढून तेवढ्यात एक फोटो घेतला. ‘काका, हा बघा.’ काकू दिसत होती, दारही दिसत होतं. २०१० पासून फोनमध्ये हे येऊ लागलं होतं आणि २०१३ नंतर तर फोन आपल्याला न सांगताच एका दाबात पाच-सात झटपट फोटो घेऊन, ते जुळवून, एकच आपल्या हातात ठेवू लागला होता. ल ग्रे, ॲडम्स, वायकॉफ, मलिक सगळे त्या पोराच्या खिशात. फोटो वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. फक्त काकूचा चेहरा मेणाचा आल्यासारखा गुळगुळीत होता. साहेबांना हा फोन आवडला असता. मला नको होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळे मोह सोडले. काकूचा एकच फोटो, दोन सेकंदांचा. तांदूळ निवडता निवडता ती मध्येच दाराबाहेर बघत थांबते, तिची जुनीच सवय. काय बघते कोण जाणे. ती थांबली आणि मी बटण दाबलं. काकू मिळाली. आता सेकंदाच्या पाचशेव्या भागात बाहेरचा फणस घ्यायचा, तर वळवाचं आभाळ आलं आणि अंगण मलूल झालं. दिवसभर ऊन पडलं नाही. मी सर्वांना बजावलं की तिवईला कुणी बोट लावायचं नाही. सकाळी उठून पाहतो तर तिच्यावर दादाचा पंचा वाळत होता. पण पाय हलले नव्हते. दहा वाजता कोवळं ऊन तापून लख्ख झालं आणि मी अंगण टिपलं.

रात्री दोन्ही फोटो जोडले. जोड नेमका उंबरठ्यावर घेतला. ल ग्रेने क्षितिजावर घेतला होता, आमच्याकडे क्षितिज नव्हतं. आत कालची काकू, बाहेर आजचं ऊन. एका व्हाउचरवर दोन तारखा! पण पाहिलं तर हुबेहूब तेच, जे मी सातव्या वर्षी ओटीवरून पाहायचो. मी मनातल्या मनात ते व्हाउचर पास केलं.

गणपतीला मोठी प्रत फ्रेम करून घेऊन गेलो. काकूने चष्मा लावला, फ्रेम दाराशी उजेडात नेली आणि इन्स्पेक्शनवाल्यांनी लाजावं इतका वेळ पाहत बसली. मग तिचं बोट फणसापाशी थांबलं.

‘काय रे बाळ, हे जांभळ्या काठाचं लुगडं दोरीवर वाळतंय.’

‘हो.’

‘आणि मी आत कुठलं नेसलेय?’

मी पाहिलं. जांभळ्या काठाचं. आदल्या दिवशी नेसलेलं लुगडं तिने सकाळी धुऊन दोरीवर टाकलं होतं. उजेडाचे दहा स्टॉप मोजण्याच्या नादात पाच वार कापड मला दिसलं नव्हतं. फोटोत काकू जे लुगडं नेसून आत बसली होती, तेच बाहेर उन्हात वाळत होतं.

‘अगं, ते मी दोन दिवसांचे जोडलेत,’ मी कबुलीजबाब दिला. ‘पुसून टाकतो दोरीवरचं. दोन मिनिटांचं काम आहे.’

‘खबरदार!’ काकू म्हणाली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

त्या दिवाळीनंतर घर उतरवलं. आता तिथे हॉल आहे, दोन मोठ्या सरकत्या खिडक्या, पांढऱ्या फरशा आणि वर दिव्यांची रांग. फोटो टीव्हीच्या वर टांगलाय. पाहुणा आला की काकू पाणी विचारायच्या आधी त्याला तिथे उभा करते आणि ‘यात चूक काय ते सांग’ म्हणते. बहुतेकांना सापडत नाही. एका पोस्टमनला सापडली, त्याला तिने दोन आंबे दिले. मी परवा गेलो तेव्हा कॅमेरा बरोबर होता. काकू हॉलमध्ये खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होती. तिथे आता काकू, सूप आणि खिडकीबाहेरचा फणस एकाच फोटोत, एका दाबात व्यवस्थित येतात. मी अजून एकही काढलेला नाही.